हक्कांचे विश्वस्त



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा काळ लहान नसतो. या काळात विश्वस्तांच्या दोन-तीन पिढ्या बदलतात, वास्तू जुनी होऊन पुन्हा नवी होते, आणि ज्यांनी पहिली देणगी दिली त्यांची नातवंडे आज पाहुण्यांच्या स्वागताला उभी राहतात. अशा मंगल प्रसंगी 'विश्वस्त' या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा आठवणे उचित ठरेल. विश्वस्त हा मालक नसतो. जी संपत्ती त्याच्या हाती असते ती त्याने मिळवलेली नसते आणि त्याला ती स्वतःसाठी वापरताही येत नाही. मागच्यांनी दिलेले जपावे, त्याचा चोख हिशेब ठेवावा आणि पुढच्यांच्या हाती ते पूर्ण स्वरूपात सोपवावे, एवढेच त्याचे काम. या कामात कुचराई झाली तर दंड त्याला होवो न होवो, नुकसान मात्र अजून न जन्मलेल्या पिढीचे होते.

भारतीय राज्यघटनेने दिलेले मूलभूत हक्क हीदेखील अशीच एक विश्वस्त निधीची ठेव आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली. आज हयात असलेल्या बहुतेक नागरिकांनी हे हक्क स्वतः लढून मिळवलेले नाहीत. ते वारसाहक्काने आले आहेत. म्हणूनच त्यांचा मालक होण्यापेक्षा विश्वस्त होणे हे नागरिकाचे खरे कर्तव्य आहे.

घटनेच्या पानावरील महावीर

घटनेची मूळ हस्तलिखित प्रत शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रांनी सजवली. तिच्या प्रत्येक भागाच्या आरंभी भारतीय इतिहासातील एखादा प्रसंग किंवा एखादी विभूती आहे. राज्यांविषयीच्या सहाव्या भागाच्या प्रारंभी भगवान महावीरांचे ध्यानस्थ चित्र आहे. या चित्राचा समाजाला अभिमान वाटतो आणि तो स्वाभाविक आहे. परंतु चित्राचा अभिमान बाळगणे सोपे असते. ज्या ग्रंथात ते चित्र आहे तो ग्रंथ वाचणे आणि पाळणे त्याहून कठीण असते.

महावीरांच्या उपदेशातील तीन सूत्रे या ग्रंथाच्या मजकुराशीही जुळतात. अनेकांत सांगतो की सत्याला अनेक बाजू असतात आणि आपल्याला दिसली ती एक बाजू म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. विचार व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ याच नम्रतेवर उभा आहे. अहिंसा सांगते की दुर्बळाच्या देहाला इजा करण्याचा अधिकार बलवानाला नाही. जीविताचे व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ हेच बंधन राज्यसत्तेवर घालतो. अपरिग्रह सांगतो की हाती आलेले सर्व काही स्वतःसाठी साठवू नये. हक्कांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, जो हक्क स्वतःला हवा तो दुसऱ्यालाही मिळाला पाहिजे. स्वतःपुरता साठवलेला हक्क हा हक्क राहत नाही, ती सवलत होते. आणि सवलत देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो.

एका वहिवाटदाराचा खटला

आज प्रत्येक नोंदणीकृत संस्था धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दरवर्षी तपासलेले हिशेब दाखल करते, विश्वस्त बदलले की बदल अर्ज करते. या व्यवस्थेचे मूळ १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात आहे. हाच कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. हा कायदा नवीन असताना त्यातील काही कलमांनी धर्मसंस्थांच्या मनात मोठी चिंता निर्माण केली होती. धर्मादाय आयुक्ताला स्वतःच एखाद्या धार्मिक न्यासाचा विश्वस्त म्हणून नेमता येईल, अशी तरतूद त्यात होती. देवस्थानाच्या निधीचा मूळ हेतू पार पाडणे शक्य असतानाही तो निधी अन्य कामाकडे वळवता येईल, अशीही एक वाट होती.

या परिस्थितीत एका सार्वजनिक जैन मंदिराच्या वहिवाटदाराने काय केले? त्यांनी दगड उचलला नाही किंवा कोणाच्या दारात जाऊन वशिला लावला नाही. घटना अमलात येऊन जेमतेम काही वर्षे झाली होती. तिच्या अनुच्छेद २२६ चा आधार घेऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. उच्च न्यायालयात अर्ज फेटाळला गेला, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबर मुंबईच्या पारशी पंचायतीच्या निधीचे विश्वस्तही त्याच कायद्याविरुद्ध दाद मागत होते. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या उपासना. पण प्रश्न एकच. १८ मार्च १९५४ रोजी न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी निकाल दिला. कायद्याच्या इतिहासात तो 'रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य' या नावाने प्रसिद्ध आहे.

या निकालातील दोन्ही बाजू ध्यानात घेण्यासारख्या आहेत. न्यायालयाने म्हटले की धर्म म्हणजे केवळ मनातील श्रद्धा नव्हे; त्या श्रद्धेतून होणारे आचारही धर्माचाच भाग आहेत. अमुक वेळी अमुक रीतीने विधी करावा असे जैन किंवा पारशी धर्म सांगत असेल, तर खर्च होतो एवढ्या कारणावरून तो विधी ऐहिक व्यवहार ठरत नाही. आयुक्ताला धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद न्यायालयाने रद्द ठरवली. मूळ हेतू साध्य होण्यासारखा असताना धार्मिक निधी इतरत्र वळवण्याची मुभाही नाकारली. परंतु त्याच निकालात न्यायालयाने नोंदणी, हिशेब, तपासणी आणि संस्थांनी द्यावयाची वर्गणी या गोष्टी कायदेशीर ठरवल्या. धर्माच्या नावाने जमलेल्या पैशाचा हिशेब विचारणे म्हणजे धर्मात हस्तक्षेप करणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

म्हणजे एका वहिवाटदाराच्या अर्जाने सर्व धर्मांच्या संस्थांचे रक्षण झाले, आणि त्याच वेळी सर्व संस्थांवर हिशेबाचे बंधनही कायम राहिले. हक्क मागण्याची खरी रीत हीच आहे. हक्क मागणाऱ्याने हिशेब देण्यासही तयार असले पाहिजे.

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आणखी एक निकाल त्याआधीचा, ८ नोव्हेंबर १९५० चा आहे. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात शेतीच्या हंगामात काही गावांतील रहिवाशांना विड्या वळण्यास सरकारी आदेशाने मनाई झाली. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू वाईट नव्हता. तरीही ज्यांचा शेतीशी संबंध नव्हता, ज्यांना शेतीचे काम झेपत नव्हते, अशांचाही रोजगार त्यामुळे बंद झाला. विडी कारखान्याचा मालक आणि त्याच कारखान्यातील एक कामगार, दोघेही न्यायालयात गेले. हेतू चांगला असला तरी गरजेपेक्षा अधिक बंधन घालणे हा वाजवी निर्बंध नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. 'वाजवी' या एका शब्दात नागरिकाचे केवढे संरक्षण सामावले आहे, हे या निकालावरून कळते.

दार बंद झाले तेव्हा

या संस्थेची पहिली पावले ज्या काळात पडली, तोच काळ देशातील आणीबाणीचा होता. २५ जून १९७५ रोजी अंतर्गत आणीबाणी घोषित झाली आणि २१ मार्च १९७७ पर्यंत ती राहिली. अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. त्या काळात 'मिसा' व इतर कायद्यांखाली एक लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. अनेकांच्या घरच्यांना आपला माणूस कोणत्या कारणासाठी नेला हेही कळले नाही.

स्थानबद्धांच्या वतीने बंदी प्रत्यक्षीकरणाचे अर्ज झाले. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकून घेता येतात असा निर्णय दिला. त्यात मुंबई उच्च न्यायालयही होते. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर आणीबाणीत त्यावर काही उपाय आहे काय? सरकारच्या युक्तिवादानुसार उत्तर 'नाही' असे आले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सरकारची बाजू मान्य केली. एकट्या खन्नांनी विरुद्ध मत नोंदवले. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क घटनेने जन्माला घातलेला नाही. कायद्याच्या राज्यात तो आधीपासूनच गृहीत आहे, असा त्यांच्या मताचा आशय होता.

या मताची किंमत काय पडेल हे त्यांना ठाऊक होते. आत्मचरित्रात त्यांनी तसे लिहून ठेवले आहे. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठतेने त्यांच्याकडे येणारे सरन्यायाधीशपद त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना देण्यात आले. खन्नांनी राजीनामा दिला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत अशी व्यवस्था झाली. बहुमताच्या चार न्यायमूर्तींपैकी एक पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला. त्या निकालपत्राचा मुख्य भाग लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. पित्याची चूक पुत्राने दुरुस्त केली आणि एकट्या माणसाचे मत एक्केचाळीस वर्षांनी देशाचा कायदा झाले.

त्या काळात महाराष्ट्रातही स्वस्थ न बसणारी माणसे होती. नागरी स्वातंत्र्य या विषयावर वकिलांनी मुंबईत ठेवलेल्या खासगी परिषदेला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली, तेव्हा वकिलांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातील मजकूर नियंत्रकाने अडवला. सर्व वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे नियंत्रकाचे काम नव्हे, अशी भूमिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये मसानींच्या बाजूने निकाल दिला. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून दुर्गाबाई भागवतांनी निर्भयपणे आपले मत मांडले. पुढे त्यांना तुरुंगवास घडला. सासवडचे सुपुत्र, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी जयप्रकाशजींच्या सोबतीने नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीची संघटना उभारली.

यांपैकी कोणाकडे सैन्य नव्हते. अर्ज, भाषण, लेख आणि राजीनामा हीच त्यांची साधने होती. अहिंसेची परंपरा सांगणाऱ्या समाजाला ही साधने परकी वाटण्याचे कारण नाही.

एकच गज

कापडाच्या व्यवहारात एक जुना दंडक आहे. घेताना जो गज, तोच देताना. घेण्याचा गज लांब आणि देण्याचा आखूड ठेवणारा दुकानदार काही दिवस कमाई करतो, पण एकदा गिऱ्हाइकाच्या ध्यानात आले की पेढीची पत संपते. हक्कांच्या व्यवहारातही हाच दंडक लागू आहे, आणि येथेच प्रत्येक समाजाची खरी परीक्षा होते.

जैन समाजाने हक्क गमावण्याची भीती अनुभवली आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा अर्थात सल्लेखनेला आत्महत्येच्या पंगतीत बसवले. शेकडो वर्षांची व्रतपरंपरा एका निर्णयाने गुन्हा ठरली. त्या वेळी समाजाने कोणाच्याही मालमत्तेची हानी केली नाही. २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले, व्यवहार बंद ठेवले गेले आणि सर्वोच्च न्यायालयात अपील झाले. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. संयमाने आणि कायद्याच्या मार्गाने हक्क कसा मागावा याचा तो वस्तुपाठ होता.

पण त्याच वर्षी, अवघ्या काही दिवसांनी, दुसरी बाजू समोर आली. पर्युषण काळात मुंबईत काही दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश निघाला. विक्रेते न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विक्रीवरील बंदीला स्थगिती दिली. समाजातील अनेकांना हा निर्णय बोचला. जीवदया हा धर्माचा प्राण असलेल्या समाजाला तसे वाटणे समजण्यासारखे आहे. तरीही शांतपणे विचार केला पाहिजे. सल्लेखनेच्या बाबतीत समाजाचे म्हणणे होते की कसे जगावे आणि देह कसा ठेवावा हा व्यक्तीच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मग शेजाऱ्याने काय खावे आणि काय विकून संसार चालवावा, हे ठरवताना तो गज बदलता येईल काय?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एक समतोल निर्णय उपलब्ध आहे. अहमदाबाद महानगरपालिकेने पर्युषणाच्या नऊ दिवसांत पालिकेचे कत्तलखाने बंद ठेवण्याचे ठराव केले होते. गुजरात उच्च न्यायालयाने ते रद्द केले. १४ मार्च २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. काळ थोडा आहे, शहरात जैनांची वस्ती मोठी आहे आणि विविधतेच्या देशात एकमेकांच्या भावनांचा आदर राखला पाहिजे, अशी कारणे न्यायालयाने दिली. परंतु त्याच निकालात असेही नमूद आहे की माणसाने काय खावे ही त्याची खासगी बाब आहे, आणि बंदीचा काळ बराच मोठा असता तर कदाचित निर्णय वेगळा झाला असता. समाजाला नऊ दिवस मिळाले ते इतरांनी सोसलेल्या गैरसोयीतून मिळाले, हे विसरता येत नाही. आदर मागून मिळतो, पटवून मिळतो. धाकाने मिळवला तर तो आदर राहत नाही. जीवदयेचा प्रचार करण्याचा हक्क अनुच्छेद १९ आणि २५ देतात. तो हक्क वापरून माणसांची मने वळवणे हेच परंपरेला साजेसे आहे.

संख्येने लहान असलेल्या समाजाने तर हे विशेष ध्यानात ठेवावे. केरळमध्ये १९८५ साली एका छोट्या ख्रिस्ती पंथातील तीन मुलांना शाळेतून काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेनुसार गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. त्या पंथाची मते फारच थोड्या लोकांना पटत असतील. परंतु न्यायालयाने मताची लोकप्रियता मोजली नाही, श्रद्धेचा प्रामाणिकपणा पाहिला. आज त्या तीन मुलांना जे संरक्षण मिळाले तेच उद्या उपवास करणाऱ्या विद्यार्थ्याला, रात्रिभोजन न करणाऱ्या कामगाराला, केशलोच करणाऱ्या साध्वीला उपयोगी पडते. म्हणून परक्याच्या हक्कावर घाव पडतो तेव्हा 'आपल्याला काय त्याचे' असे म्हणणारा समाज स्वतःच्याच भिंतीची एक वीट काढून देत असतो.

आणि गज घरातही तोच असला पाहिजे. एखाद्या कुटुंबाने जातीबाहेर विवाह केला, पंचांच्या निर्णयाला विरोध केला किंवा हिशेब मागितला म्हणून त्याला वाळीत टाकणे हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू झाला आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सरकारकडे स्वातंत्र्य मागायचे आणि घरातल्या सुनेला, तरुणाला किंवा गरीब सभासदाला ते नाकारायचे, हा व्यवहार कोणत्याही खतावणीत जुळणार नाही.

नागरिकाने काय करावे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत अनुच्छेद ३२ ला घटनेचा आत्मा म्हटले होते, कारण हक्क मोडला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट तो अनुच्छेद देतो. परंतु प्रत्येक नागरिक न्यायालयापर्यंत जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक प्रश्नासाठी जाण्याची गरजही नसते. हक्कांचे रक्षण बहुधा लहान लहान कृतींतून होते.

पहिली कृती माहितीची. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. केवळ दहा रुपये शुल्क भरून साधा अर्ज करता येतो आणि साधारणतः तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. माहिती एखाद्याच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ही मुदत अठ्ठेचाळीस तासांची आहे. रस्त्याचे काम, शाळेचे अनुदान, रेशनचा कोटा, पाण्याची योजना, या सर्वांचा हिशेब मागणे हे धाडस नव्हे. ते नागरिकाचे नित्यकर्म आहे.

दुसरी कृती अटकेच्या प्रसंगी. अटक झालेल्या प्रत्येकाला अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाण्याचा हक्क अनुच्छेद २२ देतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम तेवढे वेगळे आहेत. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधील डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेच्या वेळी पाळावयाचे अकरा नियम घालून दिले. पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असावी, अटकेची लेखी नोंद व्हावी, तिच्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी, नातेवाइकाला कळवावे, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे ते नियम आहेत. यांतील 'प्रतिष्ठित व्यक्ती' हे शब्द विशेष विचार करण्यासारखे आहेत. बाजारपेठेत प्रतिष्ठा असलेल्या माणसांना त्या प्रतिष्ठेचा याहून चांगला उपयोग कोणता? मध्यरात्री एखाद्या हमालाला किंवा फेरीवाल्याला नेले जात असेल, तेव्हा तेथे जाऊन शांतपणे उभे राहणे आणि नोंद नीट झाली की नाही हे पाहणे, हीसुद्धा जीवदयाच आहे.

तिसरी कृती मदतीची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याच्या ठिकाणी ही सोय आहे, पण ज्यांना गरज आहे त्यांपैकी अनेकांना ती माहीत नसते. समाजाच्या संस्था औषधोपचार शिबिरे, पुस्तकपेढी आणि शिष्यवृत्ती चालवतात, ते पुण्यकर्मच आहे. त्याच सभागृहात महिन्यातून एक दिवस कायदा मार्गदर्शनासाठी ठेवला, समाजातील वकील व सनदी लेखापालांनी तेथे दोन तास दिले आणि दार सर्व जाती-धर्मांच्या लोकांसाठी उघडे ठेवले, तर सुवर्णमहोत्सवाची ती कायमची खूण ठरेल.

चौथी कृती स्वतःच्या शिस्तीची. घटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची अकरा मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत घटनेचा आदर आहे, सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण व हिंसेचा त्याग आहे, आणि सर्व सजीवांविषयी करुणा बाळगण्याचे कर्तव्यही आहे. जी करुणा समाजाने हजारो वर्षे व्रत म्हणून जपली ती घटनेने प्रत्येक भारतीयाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवली. यापेक्षा मोठा सन्मान कोणता? मतदान करणे, कर प्रामाणिकपणे भरणे, पक्की पावती देणे आणि लाच न देणे ही कामेही याच कर्तव्यात मोडतात. लाच देऊन काम करून घेणारा स्वतःचा हक्क विकत घेतो आणि ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याचा हक्क बुडवतो.

संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे लोक चांगले नसतील तर ती वाईट ठरेल. राबवणारे म्हणजे केवळ मंत्री व अधिकारी असे मानून नागरिकाला मोकळे होता येणार नाही. मंदिराचा वहिवाटदार, विडी कारखान्यातील कामगार, पत्र लिहिणारा वकील, राजीनामा देणारा न्यायमूर्ती, हे सर्व घटना राबवणारेच होते. त्यांनी आपापल्या जागी आपापला हिशेब चोख ठेवला म्हणून ठेव शाबूत राहिली.

दरवर्षी संवत्सरीच्या दिवशी समाज सर्व जीवांची क्षमा मागतो. कोणाच्या मनाला, वाणीने वा कृतीने दुखावले असेल तर ते आठवून खमावण्याची ही परंपरा जगात दुर्मीळ आहे. त्या दिवशी आणखी एक गोष्ट आठवावी. वर्षभरात कोणाचा हक्क डोळ्यांदेखत हिरावला गेला आणि आपण गप्प राहिलो? कोणत्या दुर्बळाला साक्षीदाराची गरज होती आणि आपण दुकानाचे फळे लावून घेतले? या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या कोणाला द्यावयाची नाहीत. कीर्दीत न लिहिलेली बाकीही बाकीच असते, आणि ती कधी ना कधी चुकवावी लागते.

संस्थेने पन्नास वर्षांत देणगीच्या पै-पैचा हिशेब ठेवला. पुढील पन्नास वर्षांत या वास्तूत वाढणाऱ्या मुला-मुलींच्या हाती ही वास्तू तर द्यावीच. त्याबरोबर निर्भयपणे बोलण्याचे, श्रद्धेने जगण्याचे आणि शेजाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे स्वातंत्र्यही अखंड स्वरूपात द्यावे. विश्वस्तपदाची खरी पूर्तता त्यातच आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेस हार्दिक शुभेच्छा. बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र! जय भारत! जय महाराष्ट्र!